गजर वाजल्यावर कोण येणार? घरासाठी बिनतारी सुरक्षा यंत्रणा बसवताना

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराला तीन दारे आहेत: रस्त्याकडचे मुख्य दार, परसातले दार आणि जिना संपतो तिथे गच्चीवर उघडणारे पत्र्याचे दार. यंत्रणा बसवायचे ठरले तेव्हा आम्ही सर्वांत आधी मुख्य दारावर कॅमेरा लावला, परसदाराला सेन्सर बसवला आणि गच्चीच्या दाराचे काम सर्वांत शेवटी, घाईघाईने उरकले. त्याच मे महिन्यात आई-बाबा पुण्याला आमच्याकडे आले असताना रात्री पावणेतीनला वळवाचा वारा सुटला, गच्चीच्या दाराची सैल कडी निघाली आणि गजर वाजला. माझा फोन उशाशीच होता, पण आवाज बंद होता. सायरन तीन मिनिटे वाजून ठरल्याप्रमाणे आपोआप थांबला. शेजाऱ्यांनी तो ऐकला, मात्र कुणाच्या तरी गाडीचा असेल असे समजून ते पुन्हा झोपले. सकाळी साडेसहाला मी ॲपमधली सूचना पाहिली आणि त्यानंतर घरी कुणाला पाठवावे हे शोधण्यात आणखी एक तास गेला. चोरी झाली नव्हती. परंतु झाली असती, तर एवढी यंत्रणा असूनही ती आम्हाला चार तासांनी कळली असती.

म्हणून या कामाची सुरुवात खरेदीपासून करू नये असे मी आग्रहाने सांगतो. गजर वाजल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करणार, हे आधी कागदावर लिहून काढावे. घरच्या माणसांखेरीज किमान दोन माणसे अशी हवीत, जी चालत येऊन घर पाहू शकतील. भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी असतील तर उत्तमच. त्यांना सायरनचा आवाज एकदा प्रत्यक्ष ऐकवावा, म्हणजे तो कोणत्या घरातून येतो आहे याविषयी त्यांच्या मनात शंका उरत नाही. आतून काही हालचाल वाटली तर कुणीही एकट्याने घरात शिरायचे नाही, बाहेरूनच दिवे लावायचे, हाका मारायच्या आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवायचे, हेही आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. शेजारच्या काकांना आपल्यासाठी धोका पत्करायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. स्वतःच्या फोनमध्ये त्या ॲपच्या सूचनांना ‘व्यत्यय नको’ या व्यवस्थेतून सूट द्यावी आणि यंत्रणेत फोन करून कळवण्याची सोय असेल तर तो क्रमांक आवडत्या क्रमांकांच्या यादीत टाकावा, जेणेकरून रात्री ‘व्यत्यय नको’ चालू असतानाही घंटी वाजेल; फोनचा आवाज मात्र पूर्ण बंद ठेवू नये.

यानंतर घराभोवती एक फेरी मारावी, शक्यतो संध्याकाळी, आणि आपणच आत शिरायचे असते तर कुठून शिरलो असतो असा विचार करावा. पक्के गज असलेल्या खिडक्यांची फारशी चिंता करण्याचे कारण नसते. चिंता करावी ती मागच्या दाराची, न्हाणीघराच्या वरच्या झडपेची, शेजारच्या गच्चीवरून सहज गाठता येणाऱ्या जिन्याची आणि कंपाउंडला टेकवून ठेवलेल्या शिडीची. सांगलीतल्याच विश्रामबागकडच्या बंगल्यांमध्ये बहुधा बाजूच्या बोळात उघडणारे स्वयंपाकघराचे दार कच्चे असते. अपार्टमेंटमध्ये मात्र एक मुख्य दार आणि फार तर एक बाल्कनी एवढाच प्रश्न असतो. सेन्सर किती घ्यायचे हे या फेरीत ठरते. ज्या दाराची कडी किंवा कोयंडा सैल आहे, तिथे सेन्सर लावण्याआधी सुताराला बोलवावे, कारण सेन्सर दार अडवून धरत नाही, ते उघडल्यावर फक्त सांगतो.

आता प्रत्यक्ष साहित्य. बिनतारी यंत्रणेत सर्वसाधारणपणे एक हब असतो, त्याला दारांचे सेन्सर, हालचाल टिपणारे सेन्सर आणि सायरन जोडलेले असतात आणि हब राउटरमार्फत आपल्या फोनशी बोलतो. सेन्सर हबशी कोणत्या लहरींवर बोलतात, हे खोक्यावर वाचून घ्यावे. वाय-फायवर चालणारे सेन्सर हबाशिवायही चालतात, पण त्यांचे सेल तुलनेने लवकर संपतात आणि राउटर बंद पडला की ते मुके होतात. झिगबी या पद्धतीचे सेन्सर फार थोड्या विजेवर चालतात, हबला आपली हजेरी अधूनमधून कळवत राहतात आणि त्यामुळे एखादा बंद पडला तर आपल्याला समजते. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त सेन्सर बहुतेक वेळा एकेरी बोलतात: संदेश पाठवला की त्यांचे काम संपले, तो पोहोचला की नाही हे त्यांना कळत नाही आणि त्यांचा सेल संपलेला आपल्याला कळत नाही. माझे मत विचाराल तर दारांसाठी हे घेऊ नयेत. परदेशातल्या नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्यांसाठी एक सूचना: झेड-वेव्ह पद्धतीच्या उपकरणांची वारंवारता देशागणिक बदलते. भारतात ती ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे आणि अमेरिकेत ९०८.४, त्यामुळे तिकडून आणलेला सेन्सर इथल्या हबशी जोडला जाणार नाही.

झिगबी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, म्हणून हब राउटरला चिकटून ठेवू नये, चार-पाच फूट अंतर सोडावे. घरगुती कॅमेरे आणि वाय-फाय सेन्सर यांतील बरेचसे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव दिलेले असेल आणि जोडणी होत नसेल, तर जोडणीपुरती दोघांची नावे वेगळी करावीत. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींमधून वाय-फाय फारसे पलीकडे जात नाही. जिथे कॅमेरा लावायचा आहे तिथे फोन धरून एखाद्या वाय-फाय मोजणाऱ्या ॲपमध्ये सिग्नल पाहावा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ६७ डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर काम नीट चालेल. उणे ७५ च्या खाली गेला तर चित्र तुटत राहील आणि तिथे आणखी एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुढे पोहोचवणारे उपकरण, लागेल. ही मोजणी भिंतीला भोक पाडण्याआधी करावी.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते विजेकडे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा सुटला की वीज जाते, आणि बिनतारी याचा अर्थ बिनविजेची असा नव्हे. सेन्सरमध्ये सेल असतात, पण राउटर, फायबरची पेटी आणि कॅमेरे विजेवरच चालतात. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतो आणि साधारण ८ वॉट वीज घेतो. त्याच्यासाठी जो लहान यूपीएस मिळतो, त्यावर बॅटरीची क्षमता ८००० एमएएच अशी मोठ्या अक्षरांत छापलेली असते, आणि ग्राहकाला वाटते की हा दिवसभर पुरेल. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. त्याचा हिशोब सुमारे ३० वॉट-तास होतो, रूपांतरात थोडी वीज वाया जाते, आणि हाती तीन तासांच्या आसपास वेळ उरतो. हब आणि राउटर दोन्ही त्यावर चालवले तर त्याहूनही कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि हब इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावेत. परंतु साध्या इन्व्हर्टरला वीज गेल्यावर स्वतःकडे भार घ्यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि दोन-तीन मिनिटे घर फोनला दिसत नाही. इन्व्हर्टर असला तरी मध्ये हा लहान यूपीएस ठेवण्याचे कारण हेच आहे.

एवढे केले तरी एक दुवा आपल्या हातात नसतो. गल्लीतल्या खांबावर किंवा एखाद्या दुकानात इंटरनेटवाल्याचा स्विच, म्हणजे घरोघरच्या जोडण्या वाटणारे यंत्र, बसवलेला असतो, आणि सगळ्या भागाची वीज गेली की काही वेळाने तोही बंद पडतो. आपला राउटर चालू, दिवे हिरवे, पण इंटरनेट नाही, ही अवस्था आमच्याकडे प्रत्येक उन्हाळ्यात येते. यावर उपाय म्हणजे सिमकार्ड घालता येईल असा हब घेणे, जो इंटरनेट नसताना फोन लावतो किंवा संदेश पाठवतो. मात्र खोक्यावर नुसते जीएसएम लिहिले असेल तर तो बहुधा २जी वर चालतो, आणि जिओचे जाळे २जी देत नाही. अशा हबमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालावे किंवा सरळ ४जी चा हब घ्यावा. सिमचा रिचार्ज कधी संपतो याची नोंद दिनदर्शिकेवर करावी. एरवी कुणी वापरत नसलेले सिम कधी बंद पडले हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

दाराचा सेन्सर दोन तुकड्यांचा असतो. मोठ्या तुकड्यात रीड स्विच, म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या, चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या दोन पात्या असतात, आणि लहान तुकड्यात लोहचुंबक. दार बंद असताना चुंबक जवळ असतो आणि पात्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात. दार उघडले की त्या सुटतात आणि संदेश जातो. मोठा तुकडा चौकटीवर आणि चुंबक फळीवर लावावा, तोही बिजागरीच्या बाजूला नव्हे तर कडीच्या बाजूला, कारण दार चार बोटे उघडले तरी तिथले अंतर पुरेसे वाढते. दोन्ही तुकड्यांवर एकेक रेघ असते. त्या समोरासमोर आल्या पाहिजेत आणि बंद दारात त्यांच्यातले अंतर एक सेंटीमीटरपेक्षा फार जास्त असू नये.

लाकडी दारांच्या बाबतीत आम्ही एक चूक केली, ती टाळता येण्यासारखी आहे. उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण वाळलेले असताना, आम्ही परसदाराचा सेन्सर अगदी नेमक्या अंतरावर बसवला. जुलैमध्ये पाऊस लागला, दार फुगले, चौकटीत नीट बसेना आणि बंद असूनही एक बोट उघडे राहू लागले. यंत्रणा रोज रात्री ‘दार उघडे आहे’ म्हणून चालूच होत नसे. दोन आठवड्यांनी घरच्यांनी कंटाळून तो सेन्सर वगळला, आणि ऐन पावसाळ्यात परसदार उघड्यावर पडले. दाराची कड रंधून घेतली आणि चुंबकाखाली पातळ लाकडी चिप घातली, तेव्हा ते मार्गी लागले. लाकडी दार असेल तर सेन्सर पावसाळ्यात एकदा पुन्हा तपासावाच. लोखंडी सेफ्टी डोअर किंवा पत्र्याचे दार असेल तर वेगळी अडचण येते: लोखंड चुंबकाचे क्षेत्र स्वतःकडे ओढते आणि सेन्सरला दार बंद झाल्याचे कळत नाही. अशा ठिकाणी दोन्ही तुकड्यांखाली लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे सुमारे अर्ध्या इंचाचे ठोकळे द्यावेत आणि शक्य तर मोठ्या चुंबकाचा, लोखंडी दारांसाठी केलेला सेन्सर घ्यावा. डिस्टेंपर किंवा चुना लावलेल्या भिंतीवर सोबत मिळणारी दुहेरी चिकटपट्टी टिकत नाही, भुकटीसकट सुटून येते. तिथे बारीक स्क्रू मारावेत.

हालचाल टिपणारा सेन्सर माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता पाहतो, म्हणजे खरे तर उष्ण वस्तू त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलेली ओळखतो. म्हणून माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशा जागी, सात फुटांच्या आसपास उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात तो लावावा. सरळ त्याच्या रोखाने चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. ऊन येणारी खिडकी, फ्रिजची मागची बाजू आणि देवघरातली समई त्याच्या नजरेत येऊ नये. काचेच्या पलीकडचे त्याला दिसत नाही, म्हणून खिडकीतून अंगणावर नजर ठेवायला तो निरुपयोगी आहे. आपल्या घरांमध्ये पाली असतात, आणि थेट सेन्सरच्या भिंगावरून पाल गेली तर मध्यरात्री गजर वाजू शकतो. त्याच्या वर ट्यूबलाइट नसेल अशी जागा निवडली तर हा त्रास बराच कमी होतो, कारण पाली किड्यांमागे दिव्यापाशी येतात.

कॅमेरा मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतो आहे. कॅमेरा पुरावा देतो, ओळख पटवतो, बाहेर कोण आले ते दाखवतो, पण चोर आत येण्याआधी जागे करण्याचे काम दाराचा सेन्सर अधिक चोख करतो. मुख्य दारावरचा कॅमेरा सात ते आठ फुटांवर असावा. त्याहून उंच लावला की चेहऱ्याऐवजी टोपी आणि डोके दिसते. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे भिंगाचे तोंड नसावे. कॅमेरा काचेच्या आत ठेवला तर रात्री त्याचाच अवरक्त प्रकाश काचेवरून परत येतो आणि चित्र पांढरे पडते. बाहेरचा कॅमेरा धूळ-पाणी रोखण्याच्या आयपी ६५ किंवा त्यावरच्या दर्जाचा घ्यावा, शिवाय त्यावर छोटी पडवी किंवा पत्रा असावा. रात्रीच्या प्रकाशाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो आणि त्या जाळ्याची एक तार वाऱ्याने हलली की कॅमेरा रात्रभर हालचालीच्या सूचना पाठवत राहतो. पंधरा दिवसांतून एकदा झाडूच्या काडीने भिंगाभोवतालची जागा साफ करणे हाच त्यावरचा उपाय आहे. साठवणुकीचा हिशोब सोपा आहे: दोन एमबीपीएसचे (सेकंदाला दोन मेगाबिट) चित्रण दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेते, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात साडेपाच-सहा दिवसांचे चित्रण राहते आणि मग जुने पुसले जाऊ लागते. कार्ड सततच्या लेखनासाठी बनवलेले असावे. काही घडलेच तर ते कार्ड लगेच काढून जपून ठेवावे, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ कार्ड हाती असले की ते काम सुकर होते.

कॅमेरा खरेदी करताना भारतातल्या नियमांची पूर्तता झाली आहे का हे विचारावे. एप्रिल २०२५ पासून येथे विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना शासनमान्य सुरक्षा निकषांची चाचणी लागू आहे. शेजाऱ्यांच्या खिडक्या, न्हाणीघराची बाजू किंवा त्यांचे अंगण आपल्या चौकटीत येत असेल तर कॅमेरा वळवावा किंवा ॲपमध्ये तो भाग झाकावा. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा कुठे आहे हे आपण स्वतः सांगावे.

पासवर्डची गोष्ट अनेकांना किरकोळ वाटते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. तेव्हा प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, ॲपच्या खात्याला दोन टप्प्यांची ओळख लावावी, राउटरमध्ये वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ ही पद्धत ठेवून डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करावे, आणि कॅमेरे पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वाय-फाय नावावर जोडावेत, म्हणजे एखादा कॅमेरा कुणाच्या हाती लागला तरी घरातल्या संगणकापर्यंत वाट उरत नाही. बसवायला आलेल्या माणसाच्या फोनवरून खाते उघडू देऊ नये. खाते आपल्या फोनवर, आपल्या ईमेलने उघडावे आणि घरच्या प्रत्येकाला त्यात वेगळी परवानगी द्यावी.

सर्व जोडून झाल्यावर ‘घरी’, ‘रात्र’ आणि ‘बाहेर’ असे तीन प्रकार ठरवावेत. रात्री दारांचे सेन्सर चालू आणि आतल्या हालचालीचे बंद, म्हणजे आजीला पाण्याला उठताना भीती वाटत नाही. दार उघडल्यापासून गजर वाजेपर्यंत तीस सेकंदांची सवलत मुख्य दारालाच द्यावी; परसदार आणि गच्चीचे दार उघडताच सायरन वाजला पाहिजे. सायरन हाताला न लागेल इतका उंच आणि शक्यतो दारापासून दूर असावा. आई-बाबांना ॲप नको असेल तर चार अंकी कळफलक किंवा चावीला लटकणारे बटण द्यावे. ज्यांना रोज घर चालवायचे आहे, त्यांना जे सोपे वाटते तेच टिकते.

आमच्या शहरासाठी एक वेगळी गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि गावभागातली घरे कित्येक दिवस रिकामी राहिली. नदीकाठच्या घरात हब, राउटर आणि यूपीएस वरच्या मजल्यावर, तोही छताजवळ बसवावा. परंतु पुरात वीज मुद्दाम बंद ठेवली जाते, त्यामुळे तीन तासांच्या बॅटरीच्या भरवशावर घर सोडू नये. पाणी ४० फुटांकडे सरकू लागले की कॅमेऱ्यांची कार्डे काढून सोबत घ्यावीत, दागिने आणि कागदपत्रे आपल्याबरोबर न्यावीत, गच्चीच्या दाराला आतून आडणा घालावा आणि मगच निघावे.

महिन्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या तारखेला, प्रत्येक दार उघडून गजर वाजवून पाहावा. राउटरची वीज काढूनही एकदा पाहावे, म्हणजे सिमवरून फोन येतो की नाही हे कळते. सेन्सरमधला सीआर २०३२ सेल बदलताना झाकणाच्या आत पेनने तारीख लिहावी. आम्ही आता गच्चीच्या दारापासून सुरुवात करतो. शेजारचे काका त्यांच्या ओट्यावर उभे राहून ऐकतात, हात वर करतात, आणि मग आई परसदाराकडे जाते.